आयुष्यभर खेळतो दुहेरी, बघतो मात्र एकेरी!

टिळकवाडीकर:

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच जण टेनिस बघतात हे इथल्या विम्बल्डनच्या धाग्यावर कळलं. बरं वाटलं. पण अख्ख्या धाग्यात एकेरीतले सिनर आणि अल्काराझ. पुरुष दुहेरीवर एक ओळ नाही. २०२५ ला ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल जिंकले. पूर्ण ब्रिटिश जोडीने विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकली ती १९३६ नंतर पहिल्यांदा. तरी कुणाला पत्ता नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडच्या कुठल्याही क्लबात पहाटे जा. कोर्टं मोजकी, माणसं भरपूर, आठच्या आत सगळ्यांना घरी पोहोचून ऑफिस नाहीतर दुकान गाठायचं असतं. एकेरी खेळायला कोर्ट देतो कोण? दोघांनी कोर्ट अडवलं तर बाकावरची मंडळी घड्याळ दाखवायला लागतात. त्यात पावसाळ्यात बाहेरची कोर्टं महिनोन् महिने चिखलात. म्हणजे आपण सगळे जन्मभराचे दुहेरीवाले. सेंटरला कुणी जायचं, डोक्यावरून उंच आलेला लॉब कुणाचा, "तुझा! तुझा!" म्हणत दोघंही बघत राहिले तर शिव्या कुणी खायच्या, हे आपल्याला अंगानं माहीत आहे. आणि टीव्हीवर दुहेरी लागली की आपण चॅनल बदलतो.

माझं मत असं की दोष खेळाचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. मागून उंचावरून दाखवलं की चार माणसं आणि दोन-तीन फटक्यांत संपलेला पॉइंट एवढंच दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याला बालेवाडीत महाराष्ट्र ओपनची दुहेरीची फायनल बघायला गेलो होतो. रोहन बोपण्णा आणि दिविज शरण विरुद्ध ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा, ६-३, ६-४. बाजूला बसलं की कळतं, नेटवर उभ्या माणसाकडे विचार करायला वेळच नसतो. चेंडू येतो तेव्हा त्याची रॅकेट आधीच तिथे असते. सर्व्हिसच्या आधी नेटवरचा गडी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, मी जागेवर थांबणार की पलीकडे झेपावणार. सर्व्हिस करणारा ती वाचून चेंडू कुठे टाकायचा ते ठरवतो. समोरच्या जोडीला खूण दिसत नाही, पण काहीतरी शिजतंय हे त्यांना माहीत असतं, म्हणून रिटर्न करणारा शेवटच्या क्षणापर्यंत डोळ्याच्या कोपऱ्यातून नेटकडे बघत असतो. अर्धी लढाई तिथेच.

कुणी कुणी अशी दुहेरी समोर बसून पाहिली आहे? लिहा.

---

निपाणीवाला:

२०२० ला गेलो होतो. आम्हाला निपाणीहून पुणं तुमच्यापेक्षा जवळ, त्यामुळे मिरवत नाही. त्या वर्षी लिएंडर पेस खेळला, निवृत्तीच्या आधी घरच्या लोकांचा निरोप म्हणून. जोडीदार कोण होता आठवतंय? मॅथ्यू एबडेन. तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलंही नसेल. सगळे पेसच्या मागे मोबाईल घेऊन.

---

टिळकवाडीकर:

अहो तोच एबडेन चार वर्षांनी बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला! त्याच्यावर खाली सविस्तर लिहितो.

---

शाल्मली_चिकोडी:

एक बाळबोध प्रश्न. २०२२ च्या पुण्याच्या फायनलचा स्कोअर मी वाचला: बोपण्णा आणि रामकुमार जिंकले, ६-७, ६-३, १०-६. हा तिसरा सेट १०-६ कसा? सेट सहाचा ना? आमचे बाबा म्हणतात छापताना चुकलं असेल.

---

तारवाला:

शाल्मलीताई, छापताना काही चुकलेलं नाही. मी रॅकेटच्या तारा ओढून देतो, दुकानात दिवसभर हीच चर्चा असते म्हणून जरा लांबण लावतो.

एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या, स्पर्धांत दुहेरीला पूर्ण तिसरा सेट नसतोच. एक-एक सेट झाला की थेट दहा पॉइंटचा टायब्रेक, आधी दहा करेल तो जिंकला. दोनाचा फरक मात्र लागतोच, म्हणून कधी १४-१२ सुद्धा होतं. दुसरा बदल ड्यूसचा. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज नाही, एकच पॉइंट, जिंकेल त्याचा गेम. आणि तो पॉइंट उजव्या बाजूने घ्यायचा की डाव्या, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सर्व्हिस करणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार.

हे सगळं २००६ पासून. त्याच्या आधी, २००५ मध्ये, एटीपीचा विचार याहून कडक होता. पाच-पाच गेमचे छोटे सेट, आणि दुहेरीत प्रवेश मुख्यतः एकेरी खेळणाऱ्यांनाच. नुसत्या दुहेरीवर पोट भरणाऱ्यांचा धंदाच बसला असता. अमेरिकेच्या जुळ्या ब्रायन बंधूंसकट दुहेरीच्या खेळाडूंनी खटला भरला. मग तडजोड होऊन आजची पद्धत आली. संयोजकांना सामना किती वेळ चालेल याचा अंदाज येतो, एकेरीवाले पण थकवा येणार नाही म्हणून नाव घालतात.

ग्रँड स्लॅममध्ये मात्र पुरुष दुहेरीला पूर्ण तिसरा सेट आहे. विम्बल्डनला तर २०२२ पर्यंत पुरुष दुहेरी पाच सेटची होती, २०२३ पासून तीनची केली. बाबांना सांगा, पुढच्या वेळी तारा ओढायला आले की पैज लावू.

---

अनगोळकर:

मी उलटं बोलणार हाय, रागावू नका. दुहेरी म्हंजे एकेरीत जमलं नाही त्यांचा खेळ की. टॉपचे गडी मनावर घेतले तर हे दुहेरीवाले कुठं टिकतात सांगा बघू. २०२२ ला ऑस्ट्रेलियात किरियॉस आणि कोकिनाकिस वाइल्ड कार्डवर, म्हंजे संयोजकांनी थेट दिलेल्या जागेवर आले आणि थेट जिंकूनच गेले. मजा मजा करत. कसला अभ्यास आणि कसल्या खुणा बे.

---

टिळकवाडीकर:

अनगोळकर, उदाहरण छान काढलंत, पण पुढची पानं फाडलीत!

त्या फायनलला हरलं कोण? एबडेन आणि मॅक्स पर्सेल. तेच दोघे त्याच वर्षी विम्बल्डन जिंकले, मेक्टिच आणि पाविच या क्रोएशियन जोडीला पाच सेटमध्ये हरवून, शेवटचा सेट टायब्रेकवर. तारवाल्यांनी सांगितलेली पाच सेटची विम्बल्डन दुहेरी, तिची ती शेवटची फायनल.

आता २०२४ चं मेलबर्न. बोपण्णा-एबडेनची सेमीफायनल पडली टोमाश माखाच आणि झांग झिझेनशी. दोघेही एकेरीचे, बिनमानांकित. स्कोअर ६-३, ३-६, ७-६, आणि तो टायब्रेक १०-७. म्हणजे तुमचं अर्धं खरं, एकेरीवाले जोरात मारतात आणि जवळ येतात. पण दहा पॉइंटच्या टायब्रेकमध्ये कोणता चेंडू सोडायचा आणि कोणता खायचा हे कळणारा शेवटी सरस ठरला. फायनलला बोलेली आणि वावासोरी, ७-६, ७-५. पहिल्या सेटचा टायब्रेक ७-०. शून्य! इटालियन जोडीला एक पॉइंट मिळाला नाही.

बोपण्णा तेव्हा ४३ चा. ओपन काळात पुरुष दुहेरीचा ग्रँड स्लॅम जिंकलेला सर्वांत वयस्क. आधी तो मान ज्याँ-ज्युलियन रोयेरकडे होता, २०२२ ची फ्रेंच ओपन, वय ४०. त्याच स्पर्धेमुळे बोपण्णा क्रमवारीत पहिला आला. ४३ व्या वर्षी पहिल्यांदा अव्वल! एकेरीत हे वय समालोचनाच्या खुर्चीचं.

---

अनगोळकर:

हेच म्हणालो की मी. ४३ व्या वर्षी पण जमतंय म्हंजे खेळ सोपा.

---

कॅम्पातले_काका:

अनगोळकर, तुम्ही ४३ व्या वर्षी सर्व्हिस करून नेटवर पळून दाखवा, आमचे गुडघे त्याआधीच बोलायला लागले होते.

गुडघ्यांवरून एक सांगतो. बोपण्णाच्या गुडघ्यात कूर्चा उरलेली नव्हती, दुखण्याच्या गोळ्या घेऊन खेळत होता, हे त्यानंच मुलाखतींत सांगितलंय. मग अय्यंगार योग सुरू केला आणि गोळ्या सुटल्या. आता बी. के. एस. अय्यंगार जन्मले कर्नाटकात, कोलारकडच्या बेल्लूरला, आणि सगळं काम केलं पुण्यात. कोडगूचा गडी पुण्याच्या योगानं उभा राहिला आणि पुण्यातच दोनदा जिंकला. सीमाभागातल्या माणसाला यात बरं वाटण्यासारखं पुष्कळ आहे.

मी मात्र पेस-भूपतीच्या पिढीचा. १९९९ साली त्या दोघांनी चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल गाठल्या, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या. पेस नेटवर काय करायचा ते शब्दांत सांगता येत नाही. चेंडू त्याच्यापासून लांब जाणार असं वाटायचं आणि तो आडवा झेपावून तिथे हजर. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याची नजर फिरायची वाट बघतो ना, तसा. भूपती मागे शांत, त्याचा रिटर्न पायाशी पडायचा, समोरचा वाकून वर उचलायचा आणि पेस तो संपवायचा. एकाने जेवण वाढायचं, दुसऱ्याने जेवायचं. मैदानाबाहेर पटत नव्हतं हे जगजाहीर, तरी कोर्टवर एकमेकांची पुढची चाल ठाऊक. हेच मला दुहेरीतलं सर्वांत मोठं कोडं वाटत आलंय.

---

निपाणीवाला:

काका, भूपती-बोपण्णांनी पेसबरोबर खेळायला नकार दिला तो २०१२ च्या ऑलिंपिकचा तमाशा नका काढू म्हणजे झालं. धागा तिकडेच जाईल.

---

कॅम्पातले_काका:

नाही काढत. पण २०१८ ला चीनविरुद्ध डेव्हिस कपमध्ये पेसने दुहेरीतला ४३ वा विजय मिळवून इटलीच्या पिएत्रांजेलीचा विक्रम मोडला, तेव्हा जोडीदार बोपण्णाच होता, एवढं नोंदवून ठेवतो. रुसवेफुगवे एकीकडे, पॉइंट एकीकडे.

---

मेघा_खानापूर:

सगळे बोपण्णा-पेसवरच थांबलात. अर्जुन कढेचं नाव कुणीच घेतलं नाही! पुण्याचा मराठी मुलगा, अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेटकडून कॉलेज टेनिस खेळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानात अल्माटीला ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर एटीपी २५० (विजेत्याला २५० गुणांची) स्पर्धा जिंकला. स्कोअर ३-६, ७-६, १४-१२. वर तारवाले काकांनी १४-१२ चं उदाहरण सहज दिलं, तसंच झालं तिथे. मी लाइव्ह स्कोअर बघत होते, नुसते आकडे, चित्र नाही. ९-९, १०-१०, ११-११ करत. कुठलाच चॅनल दाखवत नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुणाला सांगितलं तर "कोण कढे?"

त्याच्या महिनाभर आधी जीवन नेडुंचेळियन आणि विजय सुंदर प्रशांत चीनमध्ये हांगझोऊला जिंकले होते. तेही तसंच, ४-६, ७-६, १०-७. युकी भांब्री २०२५ ला मायकेल व्हीनसबरोबर यूएस ओपनची सेमीफायनल खेळला. आपली माणसं मोठ्या स्पर्धांत पोहोचतात ती इथेच, आणि इथेच आपण बघत नाही. अनगोळकर, "जमलं नाही त्यांचा खेळ" म्हणणं सोपं आहे. वेगळी कला आहे म्हणून मान्य करायला काय जातं?

---

अनगोळकर:

मेघाताई लई तापलात की. बरं बरं, कढेचं माहीत न्हवतं, बघतो. पण पैसा बघा. कला असती तर पैसे पण दिले असते.

---

निपाणीवाला:

पैशाचं मी सांगतो. ऑस्ट्रेलियन ओपन २०२४: एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार. दोघांत वाटून माणशी ३ लाख ६५ हजार. म्हणजे सिनरला बोपण्णाच्या साडेआठ पटीहून जास्त. दुहेरीवाला विमानाचं तिकीट, हॉटेल, कोच, फिजिओ सगळं त्यातनं भागवतो. तुम्ही-आम्ही म्हणू, तरी दोन कोटी रुपये की! पण जिंकली तर. पहिल्या फेरीत गेलात तर काय?

आणि पैसे कमी म्हणजे कला कमी हा हिशेब आमच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांसमोर मांडू नका. माल पिकवणाऱ्याला काय मिळतं ते निपाणीला येऊन विचारा.

---

सुन्या_सीमाभागी:

सगळं ठीक, पण बोपण्णा जिंकला की बेंगळूरवाले म्हणतात आमचा, पुण्यात जिंकला म्हणून पुणेवाले म्हणतात आमचा. आपण बेळगावकरांनी टाळ्या कुठल्या बाजूने वाजवायच्या ते एकदा ठरवा 😀

---

शाल्मली_चिकोडी:

दोन्ही बाजूंनी. चिकोडीत आम्ही सगळ्याच बाबतीत तेच करतो.

---

टिळकवाडीकर:

सुन्या, तो विषय इथे नको, त्यासाठी बाकीचे धागे कमी आहेत का! पुण्याची ती महाराष्ट्र ओपन तर दोघांच्याही हातून गेली. चेन्नईत १९९७ पासून होती, २०१८ ला पुण्यात आली, २०२३ नंतर हाँगकाँगला गेली. आता भारतात एटीपी २५० उरली नाही. शेवटच्या वर्षी पुण्यात बालाजी आणि जीवन फायनलला होते, बेल्जियमच्या झिले आणि फ्लीगेन जोडीकडून ६-४, ६-४ हरले. आता आपल्याला त्याखालच्या चॅलेंजर आणि आयटीएफ स्पर्धा एवढंच.

---

राजू_धारवाड_रोड:

"एवढंच" काय म्हणता राव? ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शेजारी धारवाडला आयटीएफची २५ हजार डॉलरची पुरुष स्पर्धा झाली. एकेरी जिंकली रामकुमार रामनाथनने. तोच, ज्यानं पुण्यात बोपण्णाबरोबर एटीपी घेतली. सकाळी बेळगावातून निघालो, दीड तासात कोर्टाच्या कडेला. कुठला बंदोबस्त नाही, ढकलाढकली नाही. दुहेरीच्या सामन्याला जोडीदार आपसांत काय बोलतात ते ऐकू येतं. "टी" (सर्व्हिस मधल्या रेषेवर), "बॉडी" (अंगावर), "स्टे" (जागेवर थांब), असे तुटक शब्द. टीव्हीवर काय ऐकणार?

तिथे कळलं की या पातळीवर जोड्या आदल्या दिवशी जमतात. कॅन्टीनमध्ये एक पोरगा दुसऱ्याला विचारत होता, पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर आहेस? दुसरा म्हणाला, अजून कुणीच नाही. झालं, जोडी ठरली. नोंदणी दोघांच्या क्रमांकाची बेरीज करून, म्हणून जो तो आपल्यापेक्षा वरचा शोधत असतो आणि वरचा त्याच्याहून वरचा. बघायला बेकार मजा येते.

---

मेघा_खानापूर:

राजूदादा, पुढच्या वेळी इथे आधी सांगा, खानापुरातून आम्ही चौघीजणी येऊ.

---

तारवाला:

यूएस ओपनने २०२५ ला मिश्र दुहेरीचं काय केलं ते कुणी काढलं नाही अजून. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकली, फायनल सोडून चार-चार गेमचे सेट, १६ जोड्या, बहुतेक सगळे एकेरीचे तारे, दहा लाख डॉलरचं बक्षीस. दुहेरीवाल्यांना दारातूनच परत. आणि जिंकलं कोण? एरानी आणि वावासोरी, आधीचेच विजेते. फायनलला श्वियाँतेक आणि रुड. हा वावासोरी म्हणजे बोपण्णाकडून मेलबर्नला हरलेला. अनगोळकर, वाचताय ना?

---

अनगोळकर:

वाचूलोय की. चार लोक मिळून एकट्याला धरूलेत. एवढं सांगतो, फायनल बघितली मी ती, एरानीची सर्व्हिस माझ्यापेक्षा हळू, तरी जिंकली. तिथं जरा डोकं चाललं माझं. जोरात मारणं वेगळं हे मान्य. बाकी मत तेच.

---

कॅम्पातले_काका:

हे अनगोळच्या भाषेत "हरलो" असं समजावं.

---

टिळकवाडीकर:

या धाग्याचा परिणाम म्हणून काल आमच्या क्लबात प्रयोग केला. एटीपीच्या नियमाने खेळलो: ४०-४० ला एकच पॉइंट, तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेक. फायदा असा की बाकावरच्या मंडळींना नेहमीच्या अर्ध्या वेळात कोर्ट मिळालं. तोटा असा की भांडण झालं. ४०-४० ला समोरच्या जोडीतले एक वकीलसाहेब म्हणाले, आम्ही डाव्या बाजूने घेतो. ठीक. पण डाव्या बाजूला त्यांचा जोडीदार उभा असायचा, कच्चा गडी. वकीलसाहेब त्याला बाजूला सारून स्वतः तिथे उभे राहिले. म्हणे निवड आमची, म्हणजे माणूस पण आम्हीच ठरवणार. अर्धा तास वाद. बरोबर कोण?

---

तारवाला:

वकीलसाहेब चुकीचे. बाजू निवडता येते, माणसं बदलता येत नाहीत. सेटच्या सुरुवातीला जो ज्या बाजूने रिटर्न करत होता तो तिथेच. म्हणून तर त्या निवडीला अर्थ आहे: आपला पक्का गडी उजवीकडे आहे की डावीकडे, आणि सर्व्हिसवाल्याला कुठल्या बाजूने टाकायला जड जातं, दोन्ही तोलायचं.

माणसं बदलायची असतील तर दहाचा टायब्रेक सुरू होण्याआधी बदला. तो तिसऱ्या सेटच्या जागी असतो, त्यामुळे नव्या सेटसारखं आपल्या जोडीत सर्व्हिस आणि रिटर्न कुणी कुठून करायचं ते पुन्हा ठरवता येतं. जोड्यांचा सर्व्हिसचा पाळीक्रम मात्र चालू आहे तोच. चेंडू पण नवे मिळत नाहीत, क्लबात तसेही कोण देतो.

---

टिळकवाडीकर:

स्क्रीनशॉट वकीलसाहेबांना पाठवला. "अपील करणार" असं उत्तर आलंय. रविवारी सहाला.